कोष्टकांची जोडणी : विखुरलेल्या नोंदींतून एक उत्तर

१. दुभंगलेला संग्रह

चंदीगड शहराच्या सेक्टर १० मध्ये शासकीय वस्तुसंग्रहालय व कलादालन आहे. ल कॉर्ब्युझिए ह्या विख्यात वास्तुशिल्पज्ञाच्या आराखड्यानुसार बांधलेल्या ह्या संग्रहालयाचे उद्घाटन ६ मे १९६८ रोजी झाले. परंतु आतील संग्रह इमारतीहून पुष्कळ जुना आहे. १९४७ च्या फाळणीपूर्वी ह्या वस्तू लाहोरच्या मध्यवर्ती संग्रहालयात होत्या. देशाची वाटणी झाली तशी संग्रहाचीही झाली. १० एप्रिल १९४८ रोजी ठरल्याप्रमाणे शेकडा साठ वस्तू पाकिस्तानकडे राहिल्या व शेकडा चाळीस भारताच्या वाट्यास आल्या. भारताचा वाटा एप्रिल १९४९ मध्ये हाती आला. आणि अमृतसर, सिमला व पतियाळा अशी मजल दरमजल करीत तो अखेर चंदीगडास स्थिरावला. त्यात गांधार शैलीची सहाशेहून अधिक शिल्पे आहेत.

मूर्ती पेटीत घालून, भोवती गवत दाबून, एका गावाहून दुसऱ्या गावी नेता येते. तिची माहिती मात्र मूर्तीवर कोरलेली नसते. ती नोंदवहीत असते. मूर्ती कोणती, ती कोठे सापडली, तिची छायाचित्रे कोणती, ह्या गोष्टी निरनिराळ्या वह्यांत लिहिलेल्या असतात. वहीचा व मूर्तीचा संबंध तुटला, की मूर्ती शिल्लक राहते आणि तिचा इतिहास नाहीसा होतो.

आता अशी कल्पना करू, की एखादा विद्यार्थी शाळेतील संगणकासमोर बसून गांधार शिल्पांचे संकेतपृष्ठ उघडतो. त्याला तीन वह्या चाळावयाच्या नाहीत. मूर्तीचे नाव, तिचे सापडण्याचे स्थळ व तिचे चित्र ही सारी त्याला एकाच ठिकाणी हवी आहेत. वेगवेगळ्या कोष्टकांत ठेवलेली माहिती एकाच प्रश्नाने एकत्र कशी आणावयाची, आणि ती आणताना एकही मूर्ती नजरेआड होऊ नये म्हणून काय दक्षता घ्यावयाची, हा प्रस्तुत पाठाचा विषय होय.

२. एकच मोठी वही का नको?

वाचक म्हणेल, ‘‘सगळे एकाच मोठ्या वहीत लिहून ठेवावे, म्हणजे जोडण्याचा प्रश्नच उरणार नाही.’’ ही सूचना प्रथमदर्शनी सरळ वाटते. तिच्यातील दोष एका खऱ्या घटनेवरून चटकन ध्यानात येईल.

गांधार शिल्पे ज्या भागात सापडली, त्यातील मोठा भाग ब्रिटिश अमदानीत व पुढे पाकिस्तानातही ‘वायव्य सरहद्द प्रांत’ ह्या नावाने ओळखला जाई. जमालगढी, तख्त-ए-बाही, सहरी बहलोल ही प्रसिद्ध बौद्ध स्थळे त्याच प्रांतातील मरदान जिल्ह्यात येतात. २०१० साली त्या प्रांताचे नाव बदलून ‘खैबर पख्तुनख्वा’ असे झाले. आता एकाच मोठ्या वहीत प्रत्येक मूर्तीपुढे प्रांताचे नाव लिहिलेले असेल, तर ते शेकडो ठिकाणी खोडून पुन्हा लिहावे लागेल. शेकडोंपैकी वीस-पंचवीस ओळी सुटून गेल्या, म्हणजे एकाच स्थळावरून आलेल्या दोन मूर्ती दोन निरनिराळ्या प्रांतांतल्या ठरतील. वही स्वतःशीच विसंगत बोलू लागेल आणि तिच्यातील कोणती ओळ खरी हे सांगावयास कोणी उरणार नाही.

दुसरा दोष असा, की एकच नाव लिहिणारे हात अनेक असतात. कोणी ‘जमालगढी’ लिहितो, कोणी ‘जमाल गढी’, कोणी ‘जमालगर्ही’. मनुष्याला ही तिन्ही नावे एकाच गावाची वाटतात. संगणकाला ती तीन गावे वाटतात.

म्हणून नियम असा आहे, की एक गोष्ट एकाच ठिकाणी लिहावी. मूर्तींचे कोष्टक निराळे ठेवावे व स्थळांचे निराळे. स्थळाविषयी जे काही सांगावयाचे ते फक्त स्थळांच्या कोष्टकात असावे. मूर्तीच्या ओळीत त्या स्थळाचा केवळ क्रमांक असावा. मग प्रांताचे नाव बदलले तरी ते स्थळांच्या कोष्टकातील मोजक्या ओळींतच दुरुस्त करावे लागते आणि सहाशे मूर्तींच्या नोंदी आपोआप बरोबर होतात. अशा परस्परसंबद्ध कोष्टकांच्या संचाला डेटाबेस, अर्थात माहितीसंग्रह, म्हणतात.

३. क्रमांकाचा दुवा

निरनिराळ्या कोष्टकांना बांधणारा दुवा म्हणजे क्रमांक. नाव हा दुवा का होऊ शकत नाही, ह्याचे उत्तर आपल्या टपालखात्याने फार पूर्वी दिले आहे. पिंपळगाव नावाची गावे महाराष्ट्रात किती तरी आहेत; ‘मु. पो. पिंपळगाव’ एवढाच पत्ता लिहिलेले पत्र कोठे धाडावे? शिवाय पत्ते लिहिले जातात अनेक भाषांत व अनेक लिप्यांत. ह्या अडचणीवर उपाय म्हणून श्रीराम भिकाजी वेलणकर ह्यांनी सहा अंकी पिनकोडाची योजना आखली व १५ ऑगस्ट १९७२ पासून ती अमलात आली. वेलणकर हे संस्कृतचे कवी आणि टपालखात्यातील उच्च अधिकारी. त्यांच्या योजनेत नावे कितीही सारखी असोत, क्रमांकाने वाट निश्चित होते. १६० ह्या अंकांनी आरंभ होणारा क्रमांक दिसला, की पत्र चंदीगडच्या टपाल-जिल्ह्याकडे वळते. पत्त्याची भाषा न येणाऱ्या कर्मचाऱ्यालाही त्यात अडचण पडत नाही.

माहितीसंग्रहातील क्रमांकाचे काम असेच आहे. मात्र त्यास एक अधिक कडक अट असते. एका पिनकोडाखाली पुष्कळ घरे येतात. कोष्टकातील ओळखक्रमांक मात्र एका ओळीस एकच असतो व तो दुसऱ्या ओळीस कधीही दिला जात नाही. ग्रंथालयात पुस्तकावर लिहिलेला दाखल-क्रमांक वाचकांच्या परिचयाचा आहे. पुस्तक गहाळ झाले तरी तो क्रमांक नव्या पुस्तकास देत नाहीत, ह्यामागचे कारणही हेच. ह्या क्रमांकास मुख्य किल्ली म्हणतात. हाच क्रमांक दुसऱ्या कोष्टकात निर्देश म्हणून लिहिला, की तेथे त्यास परकी किल्ली म्हणतात.

पुढील कोष्टके केवळ ह्या पाठासाठी रचली आहेत. त्यांतील स्थळांची नावे खरी आहेत; वस्तू व क्रमांक मात्र उदाहरणादाखल कल्पिलेले आहेत.

कोष्टक ‘वस्तू’ (क्रमांक, वर्णन, स्थळक्रमांक)
१०१ — उभा बोधिसत्त्व — ३
१०२ — बुद्धजन्माचा शिल्पपट — १
१०३ — ध्यानस्थ बुद्ध — (रिक्त)
१०४ — उपासकांचा शिल्पपट — ३
१०५ — बुद्धमस्तक — (रिक्त)

कोष्टक ‘स्थळ’ (क्रमांक, नाव)
१ — जमालगढी
२ — तख्त-ए-बाही
३ — सहरी बहलोल
४ — सिक्री

१०३ व १०५ ह्या वस्तूंपुढे स्थळाचा रकाना रिक्त आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. ही रिक्तता आम्ही उगाच ठेवलेली नाही. एकोणिसाव्या शतकात गांधार प्रदेशात पुष्कळ खोदकाम नोंदी न ठेवता झाले. मूर्ती मिळाल्या, पण त्या नेमक्या कोठून निघाल्या हे कोणी लिहून ठेवले नाही. जगभरच्या संग्रहालयांत अशा मूर्ती आहेत. त्यांचे पुढे काय होते, हे आठव्या प्रकरणात पाहू.

४. कॉड ह्यांची कल्पना

कोष्टके वेगळी ठेवून हवी तेव्हा जोडावयाची, ही पद्धत आज सर्वत्र रूढ आहे. पण ती आरंभापासून नव्हती. पूर्वीच्या संगणकांत माहिती झाडाच्या फांद्यांप्रमाणे किंवा जाळ्याच्या धाग्यांप्रमाणे बांधलेली असे. हवी ती नोंद मिळविण्यासाठी कोणत्या फांदीवरून कोणत्या फांदीवर जावयाचे, ही वाट कार्यक्रम लिहिणाऱ्यास ठाऊक असावी लागे. मांडणी बदलली, की वाट मोडे व कार्यक्रम नव्याने लिहावा लागे.

१९७० साली एडगर फ्रँक कॉड ह्या इंग्लंडमध्ये जन्मलेल्या गणितज्ञाने एक निबंध प्रसिद्ध केला. त्या वेळी ते अमेरिकेत सॅन होजे येथे आयबीएम कंपनीच्या संशोधनशाळेत काम करीत होते. त्यांनी असे प्रतिपादिले, की सर्व माहिती साध्या कोष्टकांत मांडावी. कोष्टकांतील संबंध हे दोन्हीकडे लिहिलेल्या समान मूल्यांनीच दर्शवावे. आणि माहिती कशी शोधावयाची ह्याची वाट माणसाने सांगू नये. माणसाने फक्त काय हवे ते सांगावे. वाट शोधणे हे यंत्राचे काम. ह्या कार्याबद्दल कॉड ह्यांना १९८१ चे ट्युरिंग पारितोषिक मिळाले.

असा प्रश्न विचारण्यासाठी डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस ह्या त्याच कंपनीतील दोघांनी १९७४ मध्ये एक भाषा मांडली. आज ती एसक्यूएल ह्या नावाने प्रसिद्ध आहे. ह्या भाषेत विचारलेल्या प्रश्नास क्वेरी म्हणतात. आपण त्यास पृच्छा म्हणू.

५. जोडणीची पृच्छा

‘‘प्रत्येक वस्तूचे वर्णन व तिच्या स्थळाचे नाव सांग,’’ हा आपला प्रश्न. तो एसक्यूएल भाषेत पुढीलप्रमाणे विचारतात. मूळ भाषेतील शब्द रोमन लिपीत असतात. येथे वाचनाच्या सोयीसाठी ते देवनागरीत दिले आहेत.

सिलेक्ट वस्तू.वर्णन, स्थळ.नाव
फ्रॉम वस्तू
जॉइन स्थळ
ऑन वस्तू.स्थळक्रमांक = स्थळ.क्रमांक

पहिल्या ओळीत कोणते रकाने हवेत ते सांगितले आहे. ‘वस्तू.वर्णन’ ह्याचा अर्थ वस्तू ह्या कोष्टकातील वर्णनाचा रकाना. दुसरी व तिसरी ओळ कोणती दोन कोष्टके जोडावयाची ते सांगते. चौथी ओळ सर्वांत महत्त्वाची. ती जोडणीची अट होय : वस्तूपुढील स्थळक्रमांक व स्थळाचा स्वतःचा क्रमांक समान असेल, तेथेच जोडी लावावी.

ही अट गाळली तर काय होईल? प्रत्येक वस्तू प्रत्येक स्थळाशी जोडली जाईल. पाच वस्तू व चार स्थळे ह्यांच्या वीस जोड्या तयार होतील आणि एकच बोधिसत्त्वमूर्ती चार गावांतून निघाल्याचे दिसेल. सहाशे वस्तू व चाळीस स्थळे असल्यास अशा जोड्यांची संख्या २४,००० होईल. संगणक ह्याबद्दल तक्रार करीलच असे नाही. जे विचारले त्याचे उत्तर तो निमूटपणे देतो. म्हणून अट लिहिण्याची जबाबदारी विचारणाऱ्याची आहे.

६. यंत्र जोड्या कशा लावते?

संगणकाने वाट स्वतः शोधावी असे कॉड म्हणाले. ती तो तीन रीतींनी शोधू शकतो.

पहिली रीत अगदी साधी. वस्तूची एक ओळ घ्यावयाची व स्थळांची सर्व ओळी तिच्याशी ताडून पाहावयाच्या. मग वस्तूची दुसरी ओळ घ्यावयाची. सहाशे वस्तू व चाळीस स्थळे असल्यास ह्यास २४,००० तुलना लागतील. स्थळांच्या क्रमांकांची सूची अगोदरच करून ठेवली असेल, तर प्रत्येक वेळी सर्व ओळी पाहाव्या लागत नाहीत. पुस्तकाच्या शेवटच्या सूचीवरून जसे नेमके पान उघडता येते तसेच येथे होते.

दुसरी रीत टपालकचेरीतील पत्रे निवडण्यासारखी आहे. लहान कोष्टक घेऊन त्यातील प्रत्येक ओळ तिच्या क्रमांकावरून ठरणाऱ्या खणात टाकावयाची. मग मोठ्या कोष्टकातील प्रत्येक ओळ घेऊन थेट तिच्या खणात डोकावयाचे. चाळीस ओळी खणांत टाकणे व सहाशे वेळा डोकावणे, असे सुमारे ६४० टप्प्यांत काम संपते. एक लक्ष नोंदी व एक हजार स्थळे असतील, तर पहिल्या रीतीने दहा कोटी तुलना होतील. ह्या रीतीने सुमारे १,०१,००० टप्पे पुरतात.

तिसऱ्या रीतीत दोन्ही कोष्टके क्रमांकांनुसार लावून घेतात आणि दोन वह्यांवर दोन बोटे ठेवून ती एकाच वेळी खाली सरकवीत नेतात. क्रमांक जुळला की जोडी लागली. एक मागे पडला की ते बोट पुढे न्यावयाचे.

कोणती रीत केव्हा स्वस्त पडेल, हे यंत्र कोष्टकांच्या आकारावरून व उपलब्ध सूचींवरून ठरविते. पृच्छा तीच राहते, वाट बदलते.

७. एकाच फेरीत उत्तर

आता संकेतपृष्ठाकडे वळू. विद्यार्थी आपल्या पडद्यावर पृष्ठ उघडतो, तेव्हा त्याची मागणी दूरच्या सेवादायी संगणकाकडे जाते. तेथील कार्यक्रम माहितीसंग्रहास पृच्छा करतो, आलेल्या उत्तराचे पृष्ठ बनवितो व विद्यार्थ्याकडे धाडतो.

पुष्कळ नवशिके कार्यक्रम लिहिताना असे करतात : प्रथम वीस वस्तूंची यादी मागवितात, मग प्रत्येक वस्तूसाठी स्वतंत्र पृच्छा करून तिचे स्थळ विचारतात. अशा रीतीने एका पृष्ठासाठी एकवीस पृच्छा होतात. हे म्हणजे वीस वस्तूंची यादी हाती असता वाण्याकडे वीस वेळा जाण्यासारखे आहे. प्रत्येक फेरी क्षणार्धाची असली, तरी शंभर विद्यार्थ्यांनी एकाच वेळी पृष्ठ उघडले म्हणजे त्या २,१०० फेऱ्या होतात. तेच काम जोडणीच्या एका पृच्छेने केले, तर शंभर फेऱ्या पुरतात.

एका पृच्छेचा आणखी एक लाभ असा, की उत्तर एकाच क्षणाचे असते. एकवीस पृच्छा चालू असतानाच कोणी नोंद दुरुस्त केली, तर पृष्ठाचा अर्धा भाग जुना व अर्धा नवा होण्याचा संभव असतो. एका पृच्छेचे उत्तर मात्र एकसंध असते.

आपल्याकडे संग्रहालयांच्या नोंदी अशा रीतीने लोकांपुढे ठेवण्याचे काम चालू आहे. पुण्याच्या सी-डॅक ह्या संस्थेने ‘जतन’ नावाची प्रणाली तयार केली असून राष्ट्रीय पातळीवरील संग्रहालयांच्या वस्तू तिच्या साहाय्याने एका सामायिक संकेतस्थळावर पाहावयास मिळतात. प्रणालीचे नाव मराठी वाचकास वेगळे समजावून सांगावयास नको.

८. नाहीशा होणाऱ्या ओळी

पाचव्या प्रकरणातील पृच्छा आपल्या कोष्टकांवर चालवून पाहिली, तर उत्तरात किती ओळी येतील? वस्तू पाच आहेत. पण ओळी तीनच येतात.

उभा बोधिसत्त्व — सहरी बहलोल
बुद्धजन्माचा शिल्पपट — जमालगढी
उपासकांचा शिल्पपट — सहरी बहलोल

ध्यानस्थ बुद्ध व बुद्धमस्तक ह्या दोन वस्तू उत्तरात नाहीत. त्यांचा स्थळक्रमांक रिक्त असल्यामुळे त्यांची कोणाशीच जोडी लागली नाही, आणि ज्यांची जोडी लागत नाही त्यांना साधी जोडणी वगळते. कोठेही चूक झाल्याची सूचना येत नाही. पृष्ठ नीटनेटके दिसते. दालनात दोन मूर्ती उभ्या आहेत, पण संकेतपृष्ठ पाहणाऱ्याच्या दृष्टीने त्या अस्तित्वातच नाहीत.

ही उणीव किरकोळ नव्हे. ज्या वस्तूंची माहिती अपुरी आहे, त्यांकडेच अभ्यासकांचे लक्ष जाण्याची गरज सर्वांत अधिक असते. कोणी तरी चित्र पाहील, दगड ओळखील, तशाच घडणीचा दुसरा तुकडा पाहिल्याचे सांगेल, तेव्हा रिक्त रकाना भरेल. साधी जोडणी नेमक्या ह्याच वस्तू झाकून टाकते. जिची माहिती ठाऊक आहे ती मूर्ती दिसते. जिचा इतिहास हरवला आहे ती दुसऱ्यांदा हरवते.

ह्यावर उपाय सोपा आहे. पृच्छेतील ‘जॉइन’ ह्या शब्दाच्या जागी ‘लेफ्ट जॉइन’ लिहावे. ह्याचा अर्थ असा, की प्रथम उल्लेखिलेल्या, म्हणजे डावीकडील, कोष्टकातील प्रत्येक ओळ उत्तरात आलीच पाहिजे. जोडी लागली तर उत्तम, न लागली तर उजवीकडील रकाना रिक्त ठेवावा. आता उत्तरात पाचही ओळी येतात, आणि रिक्त रकान्याच्या दोहोंपुढे संकेतपृष्ठ ‘‘स्थळ अज्ञात’’ असे दाखवू शकते. ही कबुली संग्रहालयास कमीपणा आणणारी नाही. ती प्रामाणिक नोंद आहे.

येथे दोन सूचना. पहिली : लेफ्ट जॉइन लिहून पुढे ‘‘स्थळाचे नाव सिक्री नसलेल्या वस्तू दाखव’’ अशी गाळणी लावली, तर रिक्त रकान्याच्या ओळी पुन्हा गळून पडतात. ज्याचे नाव ठाऊक नाही ते सिक्री नाही, असे यंत्रास निश्चित म्हणता येत नाही. आणि जे निश्चित नाही ते गाळणीतून पार होत नाही. अशा ओळी हव्या असतील, तर ‘‘किंवा स्थळ रिक्त असेल’’ असे स्पष्ट सांगावे लागते. दुसरी : दोन रिक्त रकाने एकमेकांबरोबर ताडले, तर यंत्र त्यांना समान मानीत नाही. हा नियम विचित्र वाटला तरी योग्य आहे. दोन मूर्तींची स्थळे अज्ञात आहेत, एवढ्यावरून त्या एकाच गावच्या ठरत नाहीत.

९. वाढणाऱ्या ओळी

जोडणीत जशा ओळी हरवतात तशा त्या वाढतातही. समजा, छायाचित्रांचे तिसरे कोष्टक आहे. त्यात १०१ ची तीन, १०२ चे एक, १०३ चे एक व १०४ ची दोन छायाचित्रे आहेत. १०५ चे एकही नाही. वस्तूंचे कोष्टक लेफ्ट जॉइनने छायाचित्रांशी जोडले, तर उत्तरात ३ + १ + १ + २ + १ अशा आठ ओळी येतील. शेवटची ओळ १०५ ची असून तिच्यापुढे चित्राचा रकाना रिक्त असेल.

ह्यात यंत्राची चूक नाही. एका वस्तूस अनेक चित्रे असतील तर तितक्या जोड्या लागणारच. परंतु ह्या आठ ओळी मोजून कोणी ‘‘संग्रहात आठ वस्तू आहेत’’ असे पृष्ठावर लिहिले, तर ते असत्य होईल. म्हणून मोजताना ओळी न मोजता निरनिराळे वस्तुक्रमांक मोजावे. आणि पृष्ठ रचताना एका क्रमांकाच्या सर्व ओळी एका चौकटीत एकत्र कराव्या, म्हणजे मूर्ती एकदा व तिच्याखाली तिची तीन चित्रे दिसतील.

ह्या दोन्ही प्रकरणांचे सार एका नियमात सांगता येते : जोडणीपूर्वी मोजा व जोडणीनंतर मोजा. दाखलनोंदवहीत पाच वस्तू असतील, तर पृष्ठावर पाचच दिसल्या पाहिजेत. तीन दिसल्या तर कोणी तरी गळले. आठ दिसल्या तर कोणाची तरी पुनरुक्ती झाली.

१०. दोन शहरे, एक नोंदवही

आरंभी सांगितलेल्या दुभंगलेल्या संग्रहाकडे पुन्हा वळून पाठ संपवू. लाहोर व चंदीगड येथील संग्रहांच्या याद्या एकत्र पाहावयाच्या झाल्यास कोणती जोडणी लागेल?

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. दोन्ही याद्या एकाच प्रकारच्या आहेत. दोहोंत वस्तूच आहेत. त्या एकीखाली एक मांडल्या म्हणजे मोठी यादी होते. ह्या क्रियेस युनियन म्हणतात. ती जोडणी नव्हे. जोडणी ओळींच्या शेजारी ओळी ठेवते, युनियन ओळींच्या खाली ओळी ठेवते. पण केवळ खाली-वर मांडण्याने संग्रह पूर्ण आहे की नाही हे कळत नाही.

ते कळावयास तिसरी यादी लागते : वाटणीपूर्वीची, अखंड संग्रहाची. ती डावीकडे ठेवावी आणि प्रत्येक जुन्या क्रमांकास लेफ्ट जॉइनने एकदा लाहोरची व एकदा चंदीगडची आजची यादी जोडावी. उत्तराच्या प्रत्येक ओळीत चारांपैकी एक स्थिती दिसेल. फक्त लाहोरचा रकाना भरला, तर वस्तू तेथे आहे. फक्त चंदीगडचा भरला, तर ती येथे आहे. दोन्ही भरले, तर एकच क्रमांक दोन वस्तूंस पडला आहे, किंवा एकाच शिल्पाचे तुकडे दोन्हीकडे गेले आहेत. दोन्ही रिक्त राहिले, तर ती वस्तू कोठे गेली हा प्रश्न आता निश्चित क्रमांकासह विचारता येतो.

ह्यासाठी एकच गोष्ट अपरिहार्य आहे. आजच्या दोन्ही याद्यांत नव्या क्रमांकाशेजारी वस्तूचा जुना क्रमांकही जपलेला असला पाहिजे. नवा क्रमांक देताना जुना खोडून टाकला, की दुवा तुटला; मग कितीही वेगवान यंत्र आणले तरी जोडी लागणार नाही. मूर्ती पुन्हा एका छताखाली येतील की नाही, हे आपल्या हाती नाही. त्यांच्या नोंदी एका पृष्ठावर येऊ शकतील एवढी व्यवस्था मात्र नोंद लिहिणाऱ्या माणसाच्या हाती आहे. वहीत एक अंक जपून ठेवणारा कारकून व त्या अंकावरून पन्नास वर्षांनी पृच्छा लिहिणारा विद्यार्थी हे एकमेकांस कधी भेटत नाहीत. तरी त्यांचे काम एकच असते.

स्वाध्याय

१. आपल्या शाळेच्या ग्रंथालयासाठी ‘पुस्तक’, ‘वाचक’ व ‘देवघेव’ अशी तीन कोष्टके आखा. प्रत्येकातील मुख्य किल्ली कोणती व परकी किल्ली कोणती ते लिहा.

२. वर्षभरात एकदाही वाचावयास न गेलेली पुस्तके यादीत दिसावीत, म्हणून साधी जोडणी वापरावी की लेफ्ट जॉइन? कारण सांगा.

३. एका वर्गात ४० विद्यार्थी आहेत व प्रत्येकास ६ विषयांचे गुण आहेत. विद्यार्थी व गुण ही कोष्टके योग्य अटीने जोडल्यास किती ओळी येतील? तीन विद्यार्थी सर्व परीक्षांना गैरहजर असून त्यांच्या गुणांची एकही ओळ नसेल, तर साध्या जोडणीने किती ओळी येतील व लेफ्ट जॉइनने किती?

४. आपल्या गावातील एखाद्या जुन्या वास्तूची अथवा वस्तूची नोंद कोणत्या कार्यालयांत सापडेल ते शोधा. त्या सर्व नोंदींत समान असा एखादा क्रमांक आहे काय? नसल्यास कोणता असावा, ते सुचवा.

(तिसऱ्या प्रश्नाची उत्तरे : २४०, २२२, २२५.)